बाराशे सत्त्याहत्तर एकांची संख्या

ज्या संख्येविषयी लिहायला बसलो आहे ती सांगायला एक ओळ पुरते. १२७७ दोन मांडून त्यांचा गुणाकार करावा आणि त्यातून एक वजा करावा. उरते ती ३८५ अंकी संख्या. तिची सुरुवात २६० ने होते आणि शेवट ७१ ने. ती संयुक्त आहे, म्हणजे स्वतःहून लहान अशा संख्यांच्या गुणाकारातून ती तयार होते, हे १९५२ पासून सिद्ध झालेले आहे. तरीही, एक आणि ती स्वतः हे दोन नाममात्र अवयव सोडले तर, तिचा एकही अवयव आजवर कोणाला सापडलेला नाही.

२ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या संख्यांना सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांच्या नावाने मर्सेन संख्या म्हणतात. घातांक मूळ असलेल्या मर्सेन संख्यांपैकी, संयुक्त असूनही एकही अवयव ज्ञात नाही अशी ही सर्वांत लहान संख्या आहे. तिच्याहून मोठ्या अशा पुष्कळ आहेत, पण रांगेत पहिली उभी असल्यामुळे तिच्याकडे लक्ष जाते. हिशेबाच्या नोकरीत आयुष्य घालवून आता ठाण्यात, नौपाड्यात, निवृत्त जीवन जगणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला तर ती अधिकच छळते. कारण रक्कम चुकली आहे हे कळणे आणि नेमक्या कोणत्या नोंदीत चुकली आहे ते सापडणे यांतील अंतर मी पुष्कळ पाहिले आहे, परंतु सत्तर वर्षांहून अधिक काळाचे अंतर पाहिलेले नाही.

शाळेत आपल्याला संयुक्त संख्या जशी शिकवतात, त्यामुळे हा प्रकार आरंभी खोटाच वाटतो. ९१ ही मूळ नाही, कारण ती ७ गुणिले १३ आहे. १००१ ही मूळ नाही, कारण ७, ११ आणि १३ यांचा तो गुणाकार आहे. प्रत्येक वेळी ‘कारण’ म्हणून अवयवच पुढे केले जातात, आणि अवयव हाच संयुक्तपणाचा एकमेव पुरावा असतो अशी समजूत नकळत पक्की होते. ऐरोलीत संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करणारी माझी भाची एका रविवारी घरी आली असताना मी तिला ही संख्या सांगितली, तेव्हा तिचा पहिला प्रश्न तोच होता. “मामा, अवयव माहीत नाही म्हणतोस आणि संयुक्त आहे म्हणतोस. मग नुसता अंदाजच आहे की तो!” तो अंदाज नाही हे तिला पटवण्यासाठी मी कागद घेतला, आणि त्या दुपारी आम्ही दोघांनी जे गणित केले ते येथे मांडणे भाग आहे, कारण सगळी गंमत त्यातच आहे.

मर्सेन संख्या मूळ आहे की नाही हे ठरवण्याची एक कसोटी एकोणिसाव्या शतकात फ्रेंच गणिती एदुआर लुका यांनी शोधली आणि १९३० च्या दशकात अमेरिकी गणिती डेरिक लेहमर यांनी तिला आजचे नेटके रूप दिले. चारपासून सुरुवात करावी. हातातील संख्येचा वर्ग करावा, त्यातून दोन वजा करावेत, आलेल्या उत्तराला त्या मर्सेन संख्येने भागावे आणि फक्त बाकी ठेवावी. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा हे करावे. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ. शून्याखेरीज काहीही आले तर संयुक्त. ही कसोटी दोन्ही बाजूंनी पक्की आहे, तिच्यात ‘बहुधा’ नाही. २ चा सातवा घात वजा १ म्हणजे १२७. चारनंतर पाच पायऱ्यांत १४, ६७, ४२, १११ आणि शेवटी ० अशा बाक्या येतात, म्हणून १२७ मूळ. २ चा अकरावा घात वजा १ म्हणजे २०४७. येथे नऊ पायऱ्या आहेत, आणि १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ असे करत आपण १७३६ वर पोहोचतो. शून्य आले नाही. २०४७ संयुक्त आहे.

येथे मी भाचीला थांबायला सांगितले. २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९, हे कोणीही पाच मिनिटांत काढील. पण आपण आत्ता केलेल्या नऊ पायऱ्यांत २३ कुठे होता? ८९ कुठे होता? शेवटी हाती आलेल्या १७३६ चे अवयव पाडले तर २, ७ आणि ३१ मिळतात, ज्यांचा २३ शी किंवा ८९ शी काहीही संबंध नाही. मूळ संख्येच्या अंगी असणे अटळ असलेला एक गुण २०४७ च्या अंगी नाही, एवढेच त्या बाकीने सांगितले. ती कोणत्या तुकड्यांची बनली आहे याबद्दल बाकीने एक अक्षरही काढले नाही. फणस पिकला आहे हे वासावरून घरभर कळते, पण आत गरे किती हे तो फोडल्याशिवाय कळत नाही, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की हा फणस फोडणारी सुरी अजून कोणाकडे नाही.

आमच्या संख्येसाठी या पायऱ्या १२७५ आहेत, आणि प्रत्येक पायरीवर जवळजवळ ३८५ अंकी संख्येचा वर्ग करून तिला ३८५ अंकी संख्येने भागायचे आहे. हाताने ते होणे नाही. १९५२ मध्ये राफाएल रॉबिन्सन या बर्कलेच्या गणितज्ञाने लॉस एंजेलिसच्या ‘स्वॅक’ नावाच्या संगणकासाठी या कसोटीचा कार्यक्रम लिहिला. त्या यंत्राची वेगवान स्मृती अवघ्या २५६ शब्दांची होती, आणि त्यातच कार्यक्रम व महाकाय संख्या दोन्ही बसवायच्या होत्या. ३० जानेवारी १९५२ या एकाच दिवशी घातांक ५२१ आणि ६०७ च्या मर्सेन संख्या मूळ ठरल्या. त्याच वर्षी जूनमध्ये १२७९ चा घातांक उत्तीर्ण झाला, आणि त्याच्या अगदी शेजारचा १२७७ नापास झाला.

१२७७ आणि १२७९ ही जोडमूळ संख्यांची जोडी आहे. दोन्ही घातांक मूळ, दोहोंत अंतर फक्त दोनचे. आमच्या संख्येला चारने गुणून तीन मिळवले की १२७९ घातांकाची मर्सेन संख्या तयार होते, आणि ती मूळ आहे. आकाराने एक ३८५ अंकी, दुसरी ३८६ अंकी. घातांकांकडे पाहून या दोघींपैकी कोणती अभंग आणि कोणती भंगणारी हे सांगण्याचा कोणताही मार्ग माझ्या पाहण्यात नाही.

भाचीने मग दुसरा प्रश्न विचारला, आणि तो पहिल्यापेक्षा अधिक चांगला होता. बाराशेहून अधिक पायऱ्यांत यंत्राने एका ठिकाणी जरी चूक केली, तरी शेवटची बाकी शून्य येणार नाही. मग चुकीमुळे मूळ संख्या संयुक्त ठरली नाही कशावरून? शंका रास्त आहे. शून्य येणे हा योगायोग असणे जवळजवळ अशक्य असते, पण शून्य न येण्याला चूक हेही कारण असू शकते. म्हणूनच अशा चाचण्या वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या लोकांकडून पुन्हा केल्या जातात आणि शेवटची बाकी अंकन् अंक जुळते का ते पाहिले जाते. आमच्या संख्येच्या बाबतीत तर आता ही पडताळणी घरबसल्या होते. भाचीने चार ओळींचा कार्यक्रम लिहिला आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालवला. १२७५ पायऱ्या पापणी लवण्याआधी संपल्या आणि पडद्यावर एक भलीमोठी बाकी उमटली. ती शून्य नव्हती. मग तिने शेजारच्या १२७९ साठी तोच कार्यक्रम चालवला आणि तिथे एकुलते एक शून्य आले, तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

ही संख्या दशमान पद्धतीत लिहिली तर अंकांचा नुसता ढीग दिसतो. संगणकाच्या द्विमान पद्धतीत मात्र ती १११११ अशी एकामागून एक १२७७ एक मांडून लिहिली जाते. मध्ये एकही शून्य नाही. सगळे एकच असलेल्या संख्यांचे वेड एका मराठी माणसाला होते, आणि त्यांचे शालेय शिक्षण ठाण्यात झाले होते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून त्यांनी देवळालीत शाळामास्तर म्हणून आयुष्य काढले. ६१७४ या स्थिरांकामुळे त्यांचे नाव जगभर गेले, पण मला त्यांच्या डेम्लो संख्या अधिक आवडतात. १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१, आणि नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. ही कल्पना त्यांना जेथे सुचली त्या, मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरच्या, ठाण्यावरूनच जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील स्थानकाचे नाव त्यांनी संख्यांना देऊन टाकले. विद्यापीठातल्या पंडितांनी त्यांची बरीच वर्षे फारशी दखल घेतली नाही, हा आपल्याकडचा जुना रोग आहे.

कापरेकरांचे एक दशमान पद्धतीतले आणि आमचे द्विमान पद्धतीतले, पण दोहोंचे बीजगणित एकच आहे. एकांची संख्या जर संयुक्त असेल, तर ती रांग उघडउघड तुटते. सहा एकांचे तीन-तीनचे दोन गट पाडता येतात, म्हणून ११११११ ला १११ ने भाग जातो. दोन-दोनचे तीन गट पाडता येतात, म्हणून ११ नेही जातो. एकांची संख्या मूळ असली की असे समान गट पडत नाहीत, आणि रांग अभंग राहण्याची निदान शक्यता तरी उरते. उरते ती शक्यताच. पाच एक घेतले तर १११११ म्हणजे ४१ गुणिले २७१, आणि सात एक घेतले तर ती संख्या २३९ गुणिले ४६४९ होते. १२७७ ही मूळ संख्या आहे, त्यामुळे आमच्या रांगेला दिसण्यासारखी चीर कुठेही नाही. ती तुटते, पण तिच्या आकाराकडे पाहून सापडेल अशा जागी तुटत नाही.

असे असले तरी न दिसलेल्या त्या अवयवांविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही असे मुळीच नाही, आणि या संख्येत मी गुंतलो तो खरे तर इथे. समजा एक मूळ संख्या आमच्या संख्येला निःशेष भागते. मग तिने भागत २ चे घात घेत गेले तर १२७७ व्या घाताला बाकी १ येते. फर्माच्या जुन्या सिद्धान्तानुसार त्या मूळ संख्येपेक्षा एकने कमी असलेल्या घातालाही बाकी १ च येते. १२७७ मूळ असल्यामुळे या दोन गोष्टी एकाच रीतीने जुळतात: अवयवातून एक वजा केला की उरलेल्या संख्येला १२७७ ने भाग गेलाच पाहिजे. अवयव विषम असल्याने तिला २ नेही भाग जातो. म्हणजे प्रत्येक मूळ अवयव २५५४ च्या कोणत्या तरी पटीपेक्षा एकने अधिक आहे. शिवाय २ चा १२७८ वा घात त्या अवयवाने भागला असता बाकी २ उरते, आणि १२७८ सम आहे. म्हणून त्या अवयवाच्या जगात २ ही एक वर्गसंख्या ठरते, आणि तसे होण्यासाठी अवयवाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च यावी लागते.

या दोन चाळण्या लावून आम्ही उमेदवारांची यादी काढली. पहिला ७६६३, पण तो स्वतःच ७९ गुणिले ९७ निघाला. दुसरा १०२१७, म्हणजे १७ गुणिले ६०१. तिसरा १७८७९, म्हणजे १९ गुणिले ९४१. चौथ्या २०४३३ ला ३ ने भाग जातो, पाचव्या २८०९५ ला ५ ने. सहावा ३०६४९ हा मूळ निघाला, आणि तोच पहिला खरा उमेदवार. म्हणजे ३०६४९ च्या आतली एकही मूळ संख्या या संख्येला भागू शकत नाही, हे एक भागाकारही न करता सिद्ध झाले. ३०६४९ नेही तिला भाग जात नाही, आणि त्यापुढच्या असंख्य उमेदवारांनीही जात नाही, हे संगणकांनी केव्हाच तपासले आहे.

आणखीही काही सांगता येते. आमच्या संख्येला ८ ने भागले तर बाकी ७ उरते. तिचे सगळे मूळ अवयव जर १ बाकीचे असते तर त्यांच्या गुणाकाराची बाकीही १ च आली असती. म्हणून ७ बाकीचा निदान एक अवयव तिच्यात असलाच पाहिजे, आणि असे अवयव विषम संख्येने असले पाहिजेत. ती कोणत्याही संख्येचा वर्ग, घन किंवा वरचा घात असू शकत नाही, म्हणून तिच्यात किमान दोन निराळे मूळ अवयव आहेत. ते नेमके दोनच असले, तर एक ७ बाकीचा आणि दुसरा १ बाकीचा. २०४७ च्या बाबतीत ताडून पाहावे: २३ ची बाकी ७, ८९ ची बाकी १. सर्वांत लहान अवयव जास्तीत जास्त १९३ अंकी असणार. एखादा अवयव दोनदा येत असेल, तर तो व्हीफरिख मूळ संख्या या अतिदुर्मीळ जातीचा असावा लागेल. या जातीच्या आजवर फक्त १०९३ आणि ३५११ या दोनच संख्या सापडल्या आहेत आणि त्या दोन्ही आमच्या पहिल्या चाळणीतच गळतात. ज्याला कोणी पाहिलेले नाही त्याच्याबद्दल इतकी पक्की माहिती असणे मला गणिताबाहेर कुठे आढळलेले नाही.

सिद्धता आधी आणि अवयव मागाहून, असे पूर्वीही घडले आहे. २ चा ६७ वा घात वजा १ ही २१ अंकी संख्या संयुक्त असल्याचे लुका यांनी १८७६ मध्ये दाखवले, तेही अवयवांशिवाय. अवयव मिळायला १९०३ साल उजाडले. फ्रँक नेल्सन कोल यांनी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या सभेत १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार मांडला. त्यांनी फळ्यावर एक शब्दही न बोलता तो केला अशी आख्यायिका पुष्कळदा सांगितली जाते; मला तिच्यापेक्षा हे महत्त्वाचे वाटते की पहिल्या अवयवातून एक वजा केला तर उरलेल्या संख्येला १३४ ने, म्हणजे ६७ च्या दुपटीने, नेमका भाग जातो आणि १४४५५८० मिळतात. आठने भागून पाहिले तर पहिल्याची बाकी १, दुसऱ्याची ७. जे ठरलेले होते तेच निघाले. त्या संख्येला २७ वर्षे लागली. आमची संख्या तिच्यापुढे केव्हाच निघून गेली आहे.

मग अडले कुठे? एकेक उमेदवार घेऊन भागत बसणे शंभर अंकांच्या अवयवासाठीही निरर्थक आहे. हेंड्रिक लेन्स्ट्रा यांनी १९८० च्या दशकात शोधलेली विवृत्तीय वक्रांची पद्धत मध्यम आकाराचे अवयव छान टिपते, परंतु तिने आजवर पकडलेला सर्वांत मोठा अवयव ८३ अंकी आहे. या संख्येवर ती पद्धत अतोनात वापरली गेली आहे आणि हाती काही लागलेले नाही; त्यावरून तिचे अवयव बरेच मोठे असावेत असा तर्क करता येतो. तिसरा मार्ग चाळणीच्या मोठ्या पद्धतींचा. ज्या संख्येला काही खास आकार नाही अशी २५० अंकी संख्या २०२० मध्ये फोडली गेली आणि त्यासाठी एका संगणक-गाभ्याला सुमारे २७०० वर्षे लागतील इतके काम अनेक यंत्रांनी मिळून केले. २ चा घात वजा १ या खास आकाराचा फायदा घेणारी चाळणी याहून पुढे जाते. तिने २०१२ मध्ये १०६१ घातांकाची ३२० अंकी संख्या फोडली. ३८५ अंक ही त्यापुढची मोठी मजल आहे.

या विषयावर कोणी काही लिहिले की लगेच बँकांची कुलपे आणि ऑनलाइन व्यवहारांची सुरक्षा येते. त्याचा इथे संबंध नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. खास आकाराच्या संख्या तुलनेने लवकर फुटतात म्हणून कुलपासाठी कोणी त्या वापरत नाही. ही संख्या उद्या फुटली तर कोणाच्याही खात्यातून एक रुपया हलणार नाही. मला तर ती त्यामुळेच अधिक प्रिय आहे, कारण उपयोगाचे तिकीट दाखवल्याशिवाय गणिताला आत न घेण्याची आपली सवय मला कधीच पटलेली नाही.

हार्डी आणि रामानुजन यांनी १९१७ मध्ये दाखवले की मोठ्या संख्येचे वेगवेगळे मूळ अवयव सर्वसाधारणपणे मोजकेच असतात, आणि ३८५ अंकी संख्येसाठी तो आकडा सातच्या आसपास येतो. ३८५ अंकांच्या डोंगरात सातच! त्यांतील काही सहसा २, ३, ५ असे किरकोळ असतात. आमच्या संख्येला किरकोळ अवयव निषिद्धच आहेत, त्यामुळे तिच्या वाट्याला सातही येणार नाहीत असे मला वाटते. दोन किंवा तीन, असा माझा कौल आहे. भाचीचा कौल दोनचाच आहे, आणि तिच्या मते लहानगा अवयव शंभर अंकांच्या पुढे असेल.

कोणी अवयव सापडल्याचा दावा केलाच, तर तपासणीचा क्रम आम्ही ठरवून ठेवला आहे. आधी त्यातून एक वजा करून २५५४ ने भाग जातो का ते पाहायचे. तो गेला नाही तर तिथेच थांबायचे, पुढचा भागाकारही करायचा नाही. गेला, तर त्याचे शेवटचे तीन अंक घेऊन आठने भागायचे. बाकी १ किंवा ७ असेल तरच लॅपटॉप उघडायचा.